लॅम्डा कधी लिहायचा? आधी तो आत्ता चालणार की नंतर, ते बघा

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पायथन बऱ्यापैकी येतं, कामात थोडं जावास्क्रिप्ट पण करावं लागतं, आणि तीन गोष्टी अडल्यात. डेफ (नाव देऊन फंक्शन लिहायची पायथनची नेहमीची रीत) असताना लॅम्डाची (नाव न देता जागेवरच लिहिलेलं फंक्शन) गरजच काय, टीकेइंटरमध्ये (पायथनमधून खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) लूप लावून पाच बटणं केली तर कुठलंही बटण दाबलं तरी ४ च का छापलं जातं, आणि टीम लीड म्हणतात लॅम्डा कमी वापरा, ते बरोबर आहे का. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेत म्हणून सलगच लिहितो, उत्तर लांबेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लॅम्डा छोटा आहे की मोठा, स्टायलिश आहे की नाही, यावर लोक खूप वाद घालतात पण बग तिथून येत नाहीत. बग येतात ते लॅम्डा कधी चालणार याचा विचार न केल्यामुळे. लिहिताना स्वतःला विचारा, हे फंक्शन याच ओळीत चालून संपणार आहे, की कुठेतरी साठवलं जाऊन नंतर कधीतरी चालणार आहे? याच ओळीत संपणार असेल तर बिनधास्त लिहा. नंतर चालणार असेल तर थांबा आणि ते आजूबाजूची कुठली व्हेरिएबल्स धरून बसलंय ते बघा.

आता पहिला प्रश्न. फंक्शन ही पण एक व्हॅल्यूच आहे, आकडा किंवा स्ट्रिंग असते तशी, हे एकदा डोक्यात बसलं की लॅम्डात काही गूढ उरत नाही. आपण प्रत्येक आकडा आधी व्हेरिएबलमध्ये ठेवून मग वापरत नाही, जिथे पाहिजे तिथे थेट ५ लिहितो, तसंच फंक्शनही नाव न देता जागेवरच लिहिता येतं. अलॉन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस मांडलं, जॉन मॅकार्थींच्या लिस्प या भाषेतून ते प्रोग्रामिंगमध्ये आलं, पायथनमध्ये १९९४ च्या १.० पासून आहे, सी प्लस प्लसमध्ये २०११ ला आलं आणि जावाला तर २०१४ उजाडलं, जावा ८ मध्ये. (एडब्ल्यूएस लॅम्डा ही पूर्ण वेगळी चीज आहे, ती क्लाउडवर कोड चालवायची सर्व्हिस आहे, इंटरव्ह्यूत लोक दोन्ही मिसळतात म्हणून सांगून ठेवतो.) पायथनमध्ये लॅम्डा आणि डेफ दोन्हीतून बाहेर पडतं ते एकाच जातीचं फंक्शन ऑब्जेक्ट, स्पीडमध्ये काहीही फरक नाही, त्यामुळे लॅम्डा फास्ट असतो असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. फरक दोनच, लॅम्डात फक्त एक एक्स्प्रेशन मावतं म्हणजे ट्राय-एक्सेप्ट वगैरे चालत नाही, आणि त्याला नाव नसतं.

मग कुठे शोभतो? सॉर्टिंगमध्ये. खालचे कोडचे तुकडे मी देवनागरीतच लिहितोय, तुमच्या एडिटरमध्ये अर्थातच नेहमीचे कीवर्ड टाका. समजा निकालाची यादी लावायचीय, मार्क जास्त तो वर, आणि मार्क सारखे असतील तर नावाप्रमाणे:

सॉर्टेड(विद्यार्थी, की=लॅम्डा व: (-व.मार्क, व.नाव))

ही ओळ वाचताना कुठेही अडखळायला होत नाही. मार्कांच्या आधीच्या उणे चिन्हामुळे मोठा आकडा आधी येतो, टपलमुळे (कंसातल्या जोडीमुळे) बरोबरी झाली की नाव बघितलं जातं, आणि पायथन हे की फंक्शन प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एकदाच चालवतं, दर तुलनेला नाही, त्यामुळे थोडं जड काम असलं तरी चालतं. ही उणे चिन्हाची युक्ती फक्त आकड्यांना लागू पडते, नावं उलटी लावायची असतील तर दोनदा सॉर्ट करा, आधी नावाने रिव्हर्स आणि मग मार्कांनी, पायथनचं सॉर्ट स्टेबल असल्याने आधीचा क्रम टिकतो. इथे डेफ लिहून वेगळं फंक्शन केलं असतं तर वाचणाऱ्याला वर जाऊन बघावं लागलं असतं की यात आहे काय, आणि बघितल्यावर त्यात एकच ओळ निघाली असती. डेफ असताना लॅम्डा कशाला, याचं उत्तर एवढंच आहे. वाचणाऱ्याची नजर हलत नाही.

पण हाच लॅम्डा कुठे हद्द ओलांडतो ते पण याच उदाहरणात दिसतं. नावं देवनागरीत असतील तर वरचा कोड क्रम चुकवतो. पायथन स्ट्रिंगची तुलना युनिकोडच्या नंबरांनी करतं आणि युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलाय, आपल्या वर्णमालेत मात्र तो ह नंतर येतो. म्हणजे काळे, काशीकर, कासार अशी यादी लागते, जी खरी काशीकर, कासार, काळे अशी लागायला पाहिजे. क्ष आणि ज्ञ ची तीच गत, आपण त्यांना शेवटी ठेवतो पण युनिकोडमध्ये ती स्वतंत्र अक्षरं नाहीतच, जोडाक्षरं आहेत, त्यामुळे क्षीरसागर जाऊन क च्या गटात बसतात. यावर उपाय म्हणजे की फंक्शनमध्ये ळ, क्ष आणि ज्ञ च्या जागी ह नंतर येणारे कोड टाकून मग तुलना करायची. आता हे लॅम्डात लिहिता येतं का तर येतं, तीन रिप्लेस एकापुढे एक जोडले की झालं. पण ते लिहू नका. त्या तीन रिप्लेसमध्ये मराठी वर्णमालेचा एक नियम दडलाय, त्याला मराठी_क्रम असं नाव पाहिजे, त्याची टेस्ट लिहिता आली पाहिजे, आणि उद्या दुसऱ्या स्क्रीनवर यादी लावायची झाली तर तोच वापरता आला पाहिजे. (खऱ्या प्रॉडक्टमध्ये आयसीयू लायब्ररी वापरा, मराठीचा क्रम तिच्यात तयार मिळतो.) माझी रेघ इथेच आहे. लॅम्डात काय चाललंय ते सांगायला कॉमेंट लिहावीशी वाटली की ती कॉमेंट म्हणजेच फंक्शनचं नाव, डेफ करून टाका.

आता बटणं. तुमचा कोड साधारण असा आहे:

फॉर आय इन रेंज(५):
    बटण(टेक्स्ट=आय, कमांड=लॅम्डा: प्रिंट(आय))

बटणांवर ०, १, २, ३, ४ बरोबर दिसतं पण कुठलंही दाबा, ४ च येतं. कारण टेक्स्ट=आय ही गोष्ट त्याच क्षणी झाली, तेव्हाचा आय घेतला आणि बटणावर छापला. लॅम्डा मात्र त्या क्षणी फक्त तयार झाला, चालला नाही. त्याने आय ची व्हॅल्यू कॉपी करून घेतली नाही, आय नावाचं व्हेरिएबल लक्षात ठेवलं, आणि पाचही लॅम्डांनी तेच एक व्हेरिएबल लक्षात ठेवलंय. तुम्ही बटण दाबता तोवर लूप कधीच संपलेला असतो, आय ४ वर थांबलेला असतो, आणि लॅम्डा आत्ता कुठे पहिल्यांदा जाऊन बघतो की आय किती, तर ४. हा पायथनचा बग नाही, टीकेइंटरचा पण नाही, आणि डेफ वापरून लूपच्या आत फंक्शन लिहिलं असतं तरी हेच झालं असतं. बाहेरचं व्हेरिएबल असं धरून ठेवणाऱ्या फंक्शनला क्लोजर म्हणतात आणि व्हेरिएबल चालायच्या वेळी बघितलं जातं याला लेट बाइंडिंग.

सगळीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे डिफॉल्ट आर्ग्युमेंट, लॅम्डा आय=आय: प्रिंट(आय). डिफॉल्टची व्हॅल्यू फंक्शन तयार होताना ठरते, चालताना नाही, म्हणून प्रत्येक लॅम्डाला स्वतःचा आकडा मिळतो. चालतं, मीही वापरतो, पण यात एक खड्डा आहे जो फारसं कोणी सांगत नाही. तुम्ही आता आय ला पॅरामीटर केलंय, म्हणजे बाहेरून कोणी एक आर्ग्युमेंट पाठवलं तर ते तुमच्या आय वर जाऊन बसणार. टीकेइंटरचं कमांड काही पाठवत नाही म्हणून तिथे निभतं. पण तेच तुम्ही बाइंड वापरून क्लिकला जोडलंत तर टीकेइंटर इव्हेंट ऑब्जेक्ट पाठवतं आणि आय मध्ये आकड्याऐवजी इव्हेंट येतो. पायक्यूटी या तशाच दुसऱ्या लायब्ररीत क्लिक्ड सिग्नल बटण दाबलेल्या स्थितीत आहे का ते ट्रू-फॉल्समध्ये पाठवतो, तिथे आय चा फॉल्स होतो आणि माणूस तासभर विचार करत बसतो की माझा ३ गेला कुठे. बाइंडसाठी लॅम्डा इव्हेंट, आय=आय असं लिहा, म्हणजे पाठवलेली गोष्ट पहिल्या पॅरामीटरमध्ये जाईल आणि तुमचा आकडा सुरक्षित राहील.

त्यापेक्षा मला पायथनच्या फंक्टूल्स मॉड्यूलमधलं पार्शल आवडतं, कमांड=पार्शल(प्रिंट, आय). वाचताना सरळ कळतं की हा आकडा आत्ताच बांधून दिलाय, नवीन माणसाला आय=आय बघून जो गोंधळ होतो तो होत नाही. एक लक्षात ठेवा, पार्शलला बाहेरून जादा आर्ग्युमेंट आलं तर ते तुमच्या आकड्याच्या मागे जोडलं जातं, म्हणजे आकडा शाबूत राहतो आणि फंक्शनला ते जादाचं चालत नसेल तर लगेच एरर येतो. गुपचूप चुकीचा आकडा छापण्यापेक्षा एरर कधीही बरा.

ही अडचण फक्त पायथनवाल्यांची नाही आणि याचं मला खरंच महत्त्व वाटतं, कारण यावरून कळतं की चांगले चांगले लोक यात अडकलेत. जावास्क्रिप्टमध्ये व्हार या कीवर्डने लूप लावून आत सेटटाइमआउट (काही वेळाने फंक्शन चालवणारा) टाकला की हेच व्हायचं, जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या ईएस६ आवृत्तीत व्हेरिएबल बनवायचा लेट हा नवा कीवर्ड आला आणि लेटवाल्या फॉर लूपमध्ये प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळायला लागलं. सी शार्पने २०१२ च्या ५.० मध्ये फॉरईचचं वागणं बदललं, जुना कोड मोडायची जोखीम घेऊन. गो ने तर फेब्रुवारी २०२४ मध्ये १.२२ ला फॉर लूपचा अर्थच बदलला, आणि गो ही जुना कोड मोडू नये म्हणून किती जपणारी भाषा आहे हे वापरणाऱ्यांना माहितीय, तरी त्यांनी हे केलं. जावाने वेगळा रस्ता धरला, लॅम्डात बाहेरचं लोकल व्हेरिएबल घ्यायचं तर ते फायनल किंवा पुढे कधीच न बदलणारं पाहिजे, नाहीतर कंपाइलच होणार नाही. नवशिके याला वैतागतात आणि एक खणाचा अ‍ॅरे करून त्यात काउंटर लपवतात. तसं करू नका, कंपायलर तुम्हाला तुमच्या पाच बटणांपासूनच वाचवतोय.

सी प्लस प्लसमध्ये तर हा विचार तुम्हाला चौकोनी कंसात लिहूनच द्यावा लागतो, आणि मला ती पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. [=] म्हणजे व्हॅल्यू कॉपी करा, [&] म्हणजे रेफरन्स धरा. सॉर्टला देताना [&] लिहिलं तर काही बिघडत नाही कारण सॉर्ट संपेपर्यंत सगळी लोकल व्हेरिएबल्स जिवंत आहेत. तोच [&] वाला लॅम्डा थ्रेडला दिला किंवा कॉलबॅक म्हणून साठवला आणि फंक्शन परत फिरलं, की तो मेलेल्या मेमरीकडे बोट दाखवत बसतो. डीबग बिल्डमध्ये चालतो, रिलीजमध्ये पडतो, ग्राहकाकडे कधी चालतो कधी पडतो. [=] लिहिलं म्हणून निर्धास्त होऊ नका, क्लासच्या मेंबर फंक्शनमध्ये [=] मेंबर्सची कॉपी करत नाही, फक्त धिस पॉइंटर उचलतो, म्हणजे ऑब्जेक्ट गेला की तुम्हीही गेलात. लोक यात इतके फसले की सी प्लस प्लस २० मध्ये ही गुपचूप धिस उचलायची सोय डेप्रिकेट केली, म्हणजे यापुढे वापरू नका असं जाहीर केलं.

जावास्क्रिप्ट लिहिता म्हणालात म्हणून तिकडच्या तीन गोष्टी. रिअ‍ॅक्टमध्ये (वेबपेज बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) बटणांच्या उलट प्रकार होतो. तिथे प्रत्येक रेंडरला (स्क्रीन नव्याने काढताना) काउंट हे नवं व्हेरिएबल असतं, आणि यूजइफेक्टमध्ये रिकामी डिपेन्डन्सी लिस्ट देऊन (म्हणजे पहिल्या रेंडरनंतर एकदाच चालव असं सांगून) सेटइंटरव्हल (ठरावीक वेळाने फंक्शन परत परत चालवणारा) लावलात तर आतला लॅम्डा पहिल्या रेंडरचा काउंट धरून बसतो, म्हणजे ०. दर सेकंदाला ० अधिक १ करतो आणि स्क्रीनवर १ च्या पुढे आकडा जातच नाही. उपाय म्हणजे सेटकाउंटला आकडा न देता लॅम्डा द्यायचा, सेटकाउंट(सी => सी + १), मग ताजी व्हॅल्यू रिअ‍ॅक्ट स्वतः हातात देतो. दुसरं, अ‍ॅडइव्हेंटलिसनरला जागेवर लिहिलेलं फंक्शन दिलंत आणि रिमूव्ह करताना तेच परत लिहिलंत तर लिसनर निघत नाही, कारण दिसायला सारखी असली तरी ती दोन वेगळी ऑब्जेक्ट्स आहेत, काढायचं असेल तर व्हेरिएबलमध्ये ठेवावंच लागतं. तिसरं, लॅम्डा टाळायच्या नादात ["१", "२", "३"].मॅप(पार्सइंट) असं थेट नाव देऊन मोकळे होऊ नका. मॅप प्रत्येक घटकाबरोबर त्याचा इंडेक्स पण पाठवतो, पार्सइंट त्याला आकड्याचा बेस (दशमान, द्विमान वगैरे) समजतो, आणि साध्या इंग्रजी आकड्यांच्या स्ट्रिंग दिल्या तरी उत्तर येतं १, नॅन, नॅन (नॅन म्हणजे आकडा नाही). इथे एक्स => पार्सइंट(एक्स, १०) हा लॅम्डाच बरोबर आहे, तो नको असलेलं आर्ग्युमेंट अडवतो.

नंतर चालणाऱ्यात अजून एक प्रकार येतो, दुसरीकडे चालणारा. पायथनमध्ये मल्टिप्रोसेसिंगच्या पूलला (वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये काम वाटणारा) लॅम्डा दिला की पिकलचा (ऑब्जेक्ट साठवायचं किंवा पाठवायचं पायथनचं मॉड्यूल) एरर येतो, कारण पिकल फंक्शनचा कोड पाठवत नाही, मॉड्यूलचं आणि फंक्शनचं नाव पाठवतं, पलीकडची प्रोसेस त्या नावाने शोधते, आणि लॅम्डाला नावच नाही. डिफॉल्टडिक्ट(लॅम्डा: ०) वापरून तयार केलेली डिक्शनरी सेव्ह करायला गेलात की हाच एरर, आणि तो नेमका मॉडेल रात्रभर ट्रेन होऊन सकाळी सेव्ह करताना येतो. डिफॉल्टडिक्ट(इंट) लिहा, तेच काम होतं आणि पिकल पण होतं. लॉगमध्ये पण नाव नसल्याचा त्रास आहे, ट्रेसबॅकमध्ये नुसतं लॅम्डा एवढंच येतं, एका ओळीत तीन असतील तर ३.११ च्या आधीच्या पायथनमध्ये कुठला पडला ते शोधत बसा. म्हणूनच पेप ८ ही पायथनची स्टाइल गाइड सांगते की लॅम्डा लिहून त्याला व्हेरिएबलमध्ये नाव देऊन ठेवू नका, नाव द्यायचंच असेल तर डेफ लिहा.

मग टीम लीडचं काय. ते पूर्ण चुकीचं सांगत नाहीयेत. मॅप आणि फिल्टरला लॅम्डा देऊन लिहिलेला पायथन कोड असेल तर तो लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने जास्त चांगला वाचता येतो, खुद्द पायथनचे निर्माते गिडो व्हान रॉसम यांचा २००५ मध्ये पायथन ३ मधून लॅम्डा, मॅप, फिल्टर, रिड्यूस काढून टाकायचा विचार होता, शेवटी लॅम्डा राहिला आणि रिड्यूस फंक्टूल्समध्ये गेलं. पण सॉर्टच्या, मिनच्या, मॅक्सच्या की मधला एका ओळीचा लॅम्डा काढून तिथे डेफ लिहायला लावत असतील तर मी विरोध करेन, त्याने वाचणं अवघड होतं आणि एकही बग कमी होत नाही. त्यांच्याशी बोलताना संख्येवर बोलू नका, कोड रिव्ह्यूचा नियम मागा: साठवला जाणारा प्रत्येक लॅम्डा काय पकडतोय ते रिव्ह्यूत बघायचं, जागेवर संपणारा असेल तर एका ओळीत मावतोय ना तेवढं बघायचं. जावाच्या टीमने पण हाच नियम लावावा असं मी म्हणेन, तिथे एकामागे एक स्ट्रीम लावून आत दहा-दहा ओळींचे लॅम्डा कोंबायची सवय फार आहे, त्याची मेथड करून मेथड रेफरन्स दिला तर स्ट्रीम वाक्यासारखी वाचता येते.

आणि पांडाज (तक्त्यातल्या डेटावर काम करायची पायथन लायब्ररी) वापरत असाल तर एक जागा जरूर तपासा. अ‍ॅप्लाय(लॅम्डा रो: ..., अ‍ॅक्सिस=१) असं जिथे दिसेल तिथे प्रत्येक रो साठी पायथनचं फंक्शन एकेकदा चालतंय, लाखो रो असतील तर तुमचा रिपोर्ट यातच अडकलेला असतो. आत नुसती दोन कॉलमची बेरीज-वजाबाकी असेल तर कॉलमवरच थेट गणित करा, इफ-एल्स असेल तर नमपाय या गणिताच्या लायब्ररीचं व्हेअर वापरा, अटी तीन-चार असतील तर सिलेक्ट. उत्तर तेच येतं आणि बहुतेक वेळा फरक मोजायला घड्याळ लावायची पण गरज पडत नाही.